सुट्टीचीं विमानें

ताडोब्याचें अरण्य पाहावयास येणारा परदेशी पाहुणा बहुधा नागपुरास सोनेगांवच्या विमानतळावर उतरतो आणि तेथून मोटारीनें मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या दाराशीं येतो. चंद्रपुराजवळ मोरव्यास धावपट्टी आहे, पण तिकिटें विकून नेमानें फेऱ्या करणारें विमान तेथें येत नाहीं. तें यावें, युरोपांतील हौशी प्रवासी त्यांतून थेट उतरावे, असें बोलणें आमच्या मंडळींत निघालें कीं आम्हांस गोव्याची आठवण होते.

गोव्यास विमान प्रथम आलें तें मौजेसाठीं नव्हे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारनें नाकेबंदी केली, आगगाडी थांबली आणि पोर्तुगीज सत्तेचा श्वास कोंडला. तेव्हां तिनें ‘ट्रान्सपोर्तिश आएरियुश दा इंदिया पोर्तुगेझा’ अशा लांबलचक नांवाची एक चिमुकली विमानकंपनी काढली. दीव, दमण व कराची या तिच्या आरंभींच्या फेऱ्या. पुढें मोठीं विमानें आलीं व लिस्बनपर्यंत मजल गेली. १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय कॅनबेरा विमानांनीं दाबोळीची धावपट्टी फोडली. त्या रात्रीं खड्डे घाईघाईनें बुजवून कंपनीचें एक विमान व लिस्बनहून आलेलें दुसरें एक, अशीं दोन विमानें अंधारांत कराचीकडे उडालीं. कंपनी संपली, धावपट्टी तेवढी राहिली, ती आरमाराकडे गेली.

त्याच पट्टीवर १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतून सुट्टीचीं विमानें उतरूं लागलीं. यांचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. सहलीचा व्यापारी अख्खें विमान ठरवितो. जाणें, येणें व हॉटेलांतला मुक्काम यांची एकच रक्कम आगाऊ घेतो. खुर्च्या भरल्या तर नफा, न भरल्या तर पुढच्या फेरीस फांटा. म्हणून तीं हिवाळ्यांत येतात व पावसाळ्याच्या आधीं दिसेनाशीं होतात. १९८७ सालीं जर्मनीच्या काँडोर कंपनीच्या पाहुण्यांचें दाबोळीस निदर्शकांनीं पत्रकें वाटून व शेण फेकून स्वागत केलें. शेण फेकणें आम्हांस रुचत नाहीं. परंतु हॉटेलांस पाणी मिळावें आणि शेजारच्या गांवानें घागर घेऊन फिरावें, ही तक्रार खोटी म्हणवत नाहीं.

पुढें कळंगुटच्या किनाऱ्यावर अनेक घरांचा चरितार्थ याच पाहुण्यांवर चालूं लागला. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं ब्रिटनची थॉमस कुक कंपनी दिवाळ्यांत निघाली. (त्याच नांवाची भारतांतील कंपनी निराळी, तिच्याविषयीं उगाच गैरसमज झाला.) मोसम तोंडावर आला असतां गोव्याच्या तिच्या फेऱ्या एका दिवसांत नाहींशा झाल्या. पैसे बुडाले ब्रिटनमध्यें, खोल्या रिकाम्या पडल्या कळंगुटास.

ताडोबा म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, असें कोणी म्हणेल. खरें आहे, येथें तर वाघांसाठीं बोटेझरीच्या लोकांना गांवच सोडावें लागलें. मोरव्यास विमान आणावयाचेंच असेल, तर फेऱ्या बंद पडल्यावर मोहर्लीच्या तरुण वाटाड्यानें काय करावें, हें करारांत आधीं लिहून घ्यावें, असें आमचें मत आहे. गाभ्याचें जंगल पावसाळ्यांत बंद असतें. तेवढे महिने आजही पुष्कळजण बांधींत धान लावावयास जातात.