न पोहोचलेले भाषण



स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहिलेल्या माणसाने फसलेल्या भाषणाविषयी बोलावे, हे काहीसे धाडसाचेच. तरी विषय मी जाणून निवडला. आपल्या पंचक्रोशीतील मांडवात मागच्या रांगा कुजबुजू लागल्या की आपण दोष श्रोत्यांना देतो. शेतातली कामे आटोपून आलेल्या माणसाला साहित्य कळत नाही, असे म्हणून मोकळे होतो. मीही तसे म्हटले आहे.

२६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी सभागृहात दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या हालांविषयी सभा भरली. वक्ते होते मोहनदास गांधी, वय २६. सर फिरोजशहा मेहता यांच्या आग्रहावरून भाषण आधीच लिहून छापले होते. वाचायला उभे राहताच गांधींचे अंग कापू लागले. फिरोजशहा ‘मोठ्याने’ म्हणून धीर देत, तसतसा आवाज अधिकच बसत गेला, असे गांधींनी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केले आहे. मग त्यांचे स्नेही केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतले. त्यांचा आवाज सभेला साजेसा. पण सभा ऐकेना. ‘वाच्छा, वाच्छा’ असा एकच पुकारा झाला. दिनशा वाच्छा उठले, आणि तेच भाषण लोकांनी शांतपणे, जागोजागी टाळ्या देत, अखेरपर्यंत ऐकले.

मजकूर तोच, श्रोतेही तेच. गांधींचा आवाज पोहोचला नाही, हे खरे; पण केशवरावांचा तर पोहोचत होता! मला वाटते, सभेला आपल्या ओळखीचा, आपल्या विश्वासातला माणूस हवा होता, आणि वाच्छा मुंबईकरांचे होते.

ही ओळख भाषेतूनही जोडता येते. १ मे १९१६ रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांनी स्वराज्य समजावले, ते निर्गुण-सगुणाच्या, देव आणि पुजारी यांच्या दृष्टांतांनी. कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याला त्यासाठी कोश उघडावा लागला नाही. सरकारलाही ते नेमके कळले असावे. हे भाषण आणि अहमदनगरची दोन, यांवरून टिळकांकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. तो हुकूम पुढे नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने रद्द केला.

डिसेंबर १९२४ मध्ये त्याच बेळगावात गांधी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. शाळेतील मुलांना तेथे नेताना मी आधी फ्रामजी कावसजी सभागृहातली ती गोष्ट सांगत असे.