झिओलाइट : जलधारण व आयन-विनिमय क्षमतेचे गणित

झिओलाइटे ही सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या सच्छिद्र सांगाड्याची खनिजे होत. सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियमचा अणू आला की एक ऋणभार उरतो. तो भागवायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धनायन पोकळ्यांत येऊन बसतात आणि त्यांच्याभोवती पाणी. धनायनांची अदलाबदल होऊ शकते, तर पाणी उष्णतेने निघून जाते व पुन्हा शोषले जाते. तापवताना फसफसते म्हणूनच स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले.

महाराष्ट्रात पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील बेसाल्टच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे सुंदर नमुने मिळतात. त्यांच्या शेजारचे अपोफिलाइटही बाजारात सर्रास झिओलाइट म्हणून खपते. पण ते थरांच्या रचनेचे सिलिकेट आहे आणि त्याच्या सूत्रात ॲल्युमिनियम नाही, त्यामुळे पुढचा हिशेब त्याला लागूच पडत नाही.

सैद्धांतिक क्षमता थेट रासायनिक सूत्रावरून काढतात. स्टिल्बाइटचे एक आदर्श सूत्र एक सोडियम, चार कॅल्शियम, नऊ ॲल्युमिनियम, सत्तावीस सिलिकॉन, बहात्तर ऑक्सिजन व पाण्याचे तीस रेणू असे आहे. सूत्रभार सुमारे २,८७७. ॲल्युमिनियम नऊ, म्हणून विनिमयक्षम भारही नऊ : ९ ला २,८७७ ने भागून हजाराने गुणल्यास दर ग्रॅमला ३.१३ मिलिइक्विव्हॅलंट (मि.इ.). पाण्याचा वाटा ५४०, म्हणजे १८.८ टक्के. हाच हिशेब निर्जल खनिजाच्या वजनावर (२,३३६) केला, तर क्षमता ३.८५ मि.इ. आणि पाणी २३.१ टक्के भरते. खनिज तेच, फरक फक्त छेदाचा. म्हणून कोणत्या वजनावर मोजले हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी समजावा. शेजारच्या दोन जागी ॲल्युमिनियम सहसा बसत नसल्याने त्याचे अणू सिलिकॉनपेक्षा जास्त होत नाहीत, आणि क्षमतेला तिथेच मर्यादा पडते. ती गाठणाऱ्या कृत्रिम सोडियम झिओलाइट-अ चा निर्जल आकडा ७.०४ मि.इ. आहे.

पाणी मोजताना १०५ अंश सेल्सियसला वाळवून भागत नाही. पोकळीतले पुष्कळ पाणी तसेच राहते. क्लिनॉप्टिलोलाइट ३५० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत तापवता येते, पण ह्यूलँडाइटचा सांगाडा त्याच सुमारास ढासळू लागतो. मग कोरडा नमुना बंद डेसिकेटरमध्ये मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवतात. २५ अंशांना तिथे सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. वजनातील वाढ कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणली की जलधारण क्षमता मिळते. नमुना भिजवून, निथळवून तोलला, तर दाण्यांमधल्या फटींतले पाणीही मोजले जाते. बागकामाच्या पाकिटांवरचे फुगलेले आकडे बहुधा असेच येतात.

विनिमयासाठी बारीक दळलेला नमुना अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात वारंवार हलवून अमोनियमने भरतात, उरलेले द्रावण अल्कोहोलने धुतात आणि पोटॅशियम क्लोराइडने अमोनियम बाहेर काढतात. ऊर्ध्वपातन करून आम्लाने अनुमापन होते. समजा, एक ग्रॅम हवेत वाळलेल्या नमुन्याला ०.१ नॉर्मल आम्ल १५.६ मिलि. लागले आणि कोऱ्या चाचणीला ०.४ मिलि. तर १५.२ × ०.१ = १.५२ मि.इ. नमुन्यात १२ टक्के पाणी असेल, तर १.५२ ला ०.८८ ने भागून कोरड्या वजनावर १.७३. बाहेर पडलेल्या कॅल्शियमची बेरीज करून हे उत्तर काढू नये, कारण बेसाल्टमधल्या नमुन्यात कॅल्साइट मिसळलेले असते आणि ते विरघळून बेरीज वाढवते.

सूत्र आणि प्रयोग यांत अंतर पडते ते अशुद्धीमुळे, आणि आयन पोकळीच्या तोंडातून आत जातो की नाही यामुळे. ॲनल्साइमचे सूत्रावरून येणारे उत्तर ४.५४ मि.इ., म्हणजे स्टिल्बाइटहून मोठे. पण त्याच्या वाटा इतक्या अरुंद की सामान्य तापमानाला विनिमय अत्यंत मंद चालतो. कागदावर कमी भरणारे क्लिनॉप्टिलोलाइट मात्र सांडपाण्यातले अमोनियम आणि किरणोत्सर्गी सीझियम निवडून धरते.