परक्या हाताचा उत्तरभाग

ज्या शब्दाने आपण मराठी माणसे कोणत्याही दीर्घ कल्पित कथेचा निर्देश करतो, तो शब्द मुळात एका गंधर्वकन्येचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या ग्रंथावरून ते नाव आपल्या भाषेत आले, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याच्या हातून पुरा झालाच नाही, अर्ध्याहून अधिक वाट चालून तो कर्ता निवर्तला आणि उरलेली वाट दुसऱ्याच कोणी चालून संपविली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. आवडत्या अद्भुतकथेचा लेखक गेला, किंवा कंटाळून त्याने ती आवरती घेतली, आणि मग तिच्या वाचकांपैकीच कोणी लेखणी उचलून ती पुढे चालविली, तर त्या कथेवर जीव टाकणाऱ्यांचे समाधान होते काय, हा प्रश्न आजकालचा समजला जातो. त्याची पहिली कैफियत मात्र ७ व्या शतकातली आहे, आणि ती ज्या ग्रंथात नमूद आहे तो ग्रंथ म्हणजे बाणभट्टाची ‘कादंबरी’.

उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड, त्याचा मित्र वैशंपायन, अच्छोद सरोवराच्या काठी तपाचरण करणारी महाश्वेता, आणि शूद्रक राजाच्या दरबारात आपली जन्मकथा सांगणारा पोपट, अशा जन्मजन्मांतरीच्या गुंत्यात कथा ऐन रंगात आलेली असते. चंद्रापीड पित्याच्या आज्ञेने घरी परतलेला असतो, मागाहून आलेली पत्रलेखा कादंबरीची विरहावस्था त्याला निवेदन करीत असते, आणि त्या निवेदनाच्या मध्येच बाणाची वाणी थांबते. पुढचे लिहिले त्याच्या मुलाने. पंडितमंडळीत एक आख्यायिका सांगतात, की अंतसमयी बाणाने आपल्या दोघा मुलांना समोरच्या वाळलेल्या झाडाचे वर्णन करावयास सांगितले. एकाने ते खडखडीत शब्दांत केले, दुसऱ्याने त्याच वाळक्या लाकडाला पालवी फुटावी अशा मृदू पदांनी केले, आणि ग्रंथ दुसऱ्याच्या हवाली झाला. आख्यायिका गोड आहे, पण तिच्यात वारसाची जी पात्रता सांगितली आहे, ती म्हणजे पित्यासारखे बोलता येणे, तिचा त्या मुलाने स्वतः कोठेच दावा केलेला नाही. उत्तरभागाच्या आरंभी तो जे सांगतो ते फार निराळे आहे. वडिलांबरोबर त्यांची वाणीही स्वर्गाला गेली आणि कथेचा धागा तुटला, तेव्हा ती अपुरी राहिल्यामुळे सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे तो म्हणतो. आणि लगेच एक मिस्कील श्लेष करतो. कादंबरी म्हणजे मद्यही. त्या मद्याने सगळे लोक इतके धुंद झाले आहेत की त्यांना कशाचेच भान नाही, तेव्हा आपल्या रसहीन, वर्णहीन शब्दांनी शेष भाग जोडताना आपल्याला भय कसले?

या विनयात एक सिद्धांत दडलेला आहे. मूळ लेखकाची शैली आपल्याजवळ नाही याची कबुली देऊन तो म्हणतो की वाचकाला ती आता तितकीशी नकोच आहे. त्याला महाश्वेतेचे पुढे काय झाले ते हवे आहे. आणि उत्तरभाग उघडून पाहावा तर त्याने नेमके हेच केलेले दिसते. बाणाची ती पानेच्या पाने चालणारी वर्णने, समासांची ती अरण्ये विरळ होतात, घटना भराभर घडू लागतात, पोपटाचे, वैशंपायनाचे आणि महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक याचे कोडे सुटते, शूद्रक कोण ते कळते, आणि प्रेमिकांची दोन्ही युगुले एकत्र येतात. आमच्या विद्यार्थिदशेत गुरुजींनी पूर्वभागातले निवडक उतारे शिकविले आणि ते मोठ्या तन्मयतेने शिकविले, परंतु पुढे काय होते असे विचारले असता, तो भाग मुलाचा आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्याच आठवड्यात आमच्यापैकी तिघाचौघांनी मुलाचा भाग आपापल्या परीने, भाषांतराच्या आधाराने वाचून काढला, हे गुरुजींना कधी कळले नाही. पंडित मुलाला बापाच्या खालच्या पायरीवर बसवितात आणि ते योग्यच आहे. पण पीटर पीटरसन यांनी १८८३ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ‘कादंबरी’ छापली तेव्हा दोन्ही भाग बरोबरच छापले, कारण पोथ्यांतून ते हजार वर्षे बरोबरच चालत आले होते.

मराठेशाहीच्या कागदपत्रांतून मुतालिक नावाचा एक अधिकारी आपल्याला भेटतो. वतन त्याचे नसे, शिक्का त्याचा नसे. धन्याच्या वतीने धन्याच्याच शिक्क्याने तो कारभार हाकी, आणि रयतेला त्याविषयी तक्रार नसे, जोवर तो कोणाला बेदखल करीत नाही तोवर. परक्या कथेचा उत्तरभाग लिहिणाऱ्याची जागा मला या मुतालिकाचीच वाटते, आणि वाचकांनी त्याला केव्हा मान्य केले व केव्हा हाकलून लावले याचा सर्वांत मोठा दप्तरखाना स्पेन देशात आहे.

‘आमादीस दे गाउला’ या अद्भुत वीरकथेची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती सारागोसा येथे १५०८ मध्ये छापली गेली. तिचा कर्ता म्हणून ज्याचे नाव येते तो मेदिना देल काम्पोच्या नगरसभेतील गार्सी रोद्रिगेस दे मोंताल्वो हाही खरे पाहता मुतालिकच. पूर्वापार चालत आलेल्या कथेची तीन पुस्तके त्याने दुरुस्त केली, चौथे जोडले, आणि नायकाच्या मुलाचे, एस्प्लांदियानचे, पाचवे स्वतःच्या बुद्धीने रचले. जुन्या कथेत आमादीसचा अंत त्याच्या मुलाच्याच हातून होत असावा असा संशोधकांचा तर्क आहे. मोंताल्वोने मात्र त्याला जिवंत ठेवले. याच पाचव्या पुस्तकात कालाफिया नावाच्या राणीचे, स्त्रियांनीच वसलेले आणि सोन्याने समृद्ध असे एक बेट आहे, त्याचे नाव कॅलिफोर्निया. पुढे दर्यावर्दी स्पॅनिशांनी ते नाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दिले.

मग रांग लागली. सहावे पुस्तक १५१० मध्ये पाएस दे रिबेरा याने लिहिले. हा धर्मनिष्ठ गृहस्थ जादूटोण्यावर रुष्ट होता आणि त्याने कथेतल्या मांत्रिकांचा बंदोबस्त मांडला. जी कथा लोक मंत्रतंत्रासाठीच वाचीत, तिच्यातून मंत्रतंत्र वजा करणाऱ्या या पुस्तकाचे फारसे स्वागत झाले नाही यात नवल नाही. सातवे १५१४ मध्ये फेलिसियानो दे सिल्व्हा याने लिहिले. आठवे १५२६ मध्ये हुआन दियास याने लिहिले, आणि त्यात त्याने एक अपराध केला: वृद्ध झालेल्या आमादीसला त्याने मृत्यू दिला, यथासांग विलाप आणि उत्तरक्रियेसह. ग्रंथकाराच्या दृष्टीने यात गैर काय होते? नायक आजोबा होऊन गेला होता, मनुष्याला मरण असतेच. पण वाचकांनी तो हुकूम मानला नाही. फेलिसियानोने १५३० मध्ये पुढचे पुस्तक काढले त्यात आठव्याची जाहीर निर्भर्त्सना केली, त्यातले मरण घडलेच नाही असे धरून आमादीस पुन्हा हिंडताफिरता दाखविला, आणि गंमत अशी की पुस्तकाला क्रमांक मात्र नववाच राहिला. फ्रेंच अनुवादकांनी सहावे आणि दियासचे आठवे ही दोन्ही पुस्तके गाळूनच मालिका पुढे नेली. जर्मनीत तिचा विस्तार २४ पुस्तकांपर्यंत गेला.

फेलिसियानो चांगला लेखक होता काय? सर्व्हांटिसने आपल्या डॉन क्विक्झोटला वेड लावणाऱ्या ग्रंथांत याच्या गद्याचा मुद्दाम नामनिर्देश केला आहे, आणि तर्कावर तर्क रचणाऱ्या त्या वाक्यांची अशी काही टर उडविली आहे की गेली चारशे वर्षे तो बिचारा तेवढ्यासाठीच ओळखला जातो. तरीही त्याची पुस्तके फिरून फिरून छापली गेली. वाचकांनी त्याला वाईट वाक्ये माफ केली; दियासला एक प्रेत माफ केले नाही.

सर्व्हांटिसला हा सारा व्यवहार पुरता ठाऊक होता. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात असे आहे, की दुसऱ्या एका वीरकथेच्या लेखकाने शेवट अपुरा ठेवून पुढच्या साहसाचे नुसते अभिवचन दिले, तेव्हा डॉन क्विक्झोटला आपणच लेखणी घेऊन ते पुरे करावे अशी इच्छा पुष्कळदा झाली, आणि त्याहून मोठे विचार मध्ये आले नसते तर त्याने ते केलेही असते. म्हणजे तो ढाल-तलवार घेऊन बाहेर पडला तो उत्तरभाग लिहावयाचा राहून गेला म्हणून. आणि दैवाचा खेळ असा, की पहिल्या भागाला नऊ वर्षे लोटली तरी सर्व्हांटिसचा दुसरा भाग निघेना, तेव्हा १६१४ मध्ये आव्हेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणा इसमाने तो स्वतःच लिहून तार्रागोना येथे छापला म्हणून जाहीर केला, वर प्रस्तावनेत सर्व्हांटिसच्या म्हातारपणाला आणि लढाईत निकामी झालेल्या हाताला टोमणेही मारले. तो इसम कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

१६१५ मध्ये खरा दुसरा भाग आला. त्यातल्या ५९ व्या प्रकरणात एका खाणावळीत डॉन क्विक्झोटच्या कानावर शेजारच्या खोलीतून त्या खोट्या ग्रंथाचे वाचन येते, आणि तो खवळून उठतो, पण कशावरून? भाषेवरून नव्हे. त्या ग्रंथात आपले डल्सिनियावरचे प्रेम आटले असे लिहिले आहे, यावरून. त्याचा सेवक सँको याची तक्रार अशीच घरगुती आहे: तेथे त्याच्या बायकोचे नाव भलतेच घातले आहे. (पहिल्या भागात ते भलते नाव खुद्द सर्व्हांटिसनेही एकदा वापरून ठेवले होते, ही बाब येथे सोयीस्करपणे विसरली जाते, मूळ मालकाच्या दप्तरात खाडाखोड नसते असे थोडेच आहे.) पुढे त्या खोट्या ग्रंथातलेच एक पात्र, डॉन आल्व्हारो तार्फे, वाटेत गाठून त्याला गावच्या न्यायाधिकाऱ्यासमोर आणि कारकुनासमोर उभे केले जाते, आणि खरा डॉन क्विक्झोट तो हाच, छापील दुसरा नव्हे, अशी जबानी रीतसर लिहून घेतली जाते. साहित्याच्या इतिहासात परक्या उत्तरभागावर चाललेला इतका विनोदी खटला मला दुसरा माहीत नाही. शेवटी सर्व्हांटिसने नायकाला अंथरुणावर मरण दिले, आणि पुन्हा कोणी त्याला उठवू नये अशी ताकीदही दिली. दियासने केले तेच त्याने केले. त्याला मात्र ते खपले, कारण वतन त्याचे होते.

अमेरिकेत फ्रँक बाउम याने ओझच्या जादूच्या मुलखाची कथा १९१० मध्ये संपविली, तो मुलूख अदृश्य करून जगाशी त्याचा संबंधच तोडला. पण मुलांच्या पत्रांचा तगादा थांबेना, आणि १९१३ मध्ये बिनतारी संदेशाची युक्ती काढून त्याला कथा पुन्हा सुरू करावी लागली. तो १९१९ मध्ये वारला. १४ पुस्तके मागे राहिली. प्रकाशकांनी रूथ प्लमली टॉमसन या बाईंना नेमले, त्यांनी १९२१ पासून १९३९ पर्यंत एकूण १९ पुस्तके लिहिली, आणि त्यातले पहिले बाउमच्याच नावाने बाजारात गेले.

आपल्याकडे वळले तर लखनौ आणि काशी ही दोन ठिकाणे समोर येतात. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमझाची दास्तान ४६ जिल्दांत छापली. तिच्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’च्या पहिल्या चार जिल्दा मुहम्मद हुसेन जाह यांच्या, आणि पुढच्या अहमद हुसेन कमर यांच्या. जाह यांची भाषा अधिक रसाळ असे जाणकार मानतात. कमर आत्मप्रौढीत कमी नव्हते. पण येथे मूळ मालक असा कोणी नव्हताच. दास्तान पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी चालत आली होती, तिच्यातल्या अमर नावाच्या अय्याराची, म्हणजे वेषांतरपटू हेराची, ती सारे काही गिळणारी झोळी ज्याच्या हाती येई तो तिच्यातून नवीन काही काढून दाखवी. त्यामुळे ऐकणाऱ्यांनी आवाज बदलल्याची खंत केली, बेइमानीची फिर्याद केली नाही.

काशीची गोष्ट बाणाच्या घराची आठवण करून देते. देवकीनंदन खत्री हे जंगलाचे ठेके घेत, चकिया आणि नौगढ भागातल्या अरण्यांतून व पडक्या किल्ल्यांतून हिंडत. तेथेच त्यांना ‘चंद्रकांता’ सुचली. होशरुबातले अय्यार आणि तिलिस्म, म्हणजे मंत्राने बांधलेली मायास्थळे, त्यांनी घेतली, पण जादूच्या जागी कळा, तळघरे आणि यंत्रे बसविली. ही पुस्तके वाचता यावीत म्हणून उर्दू जाणणारे असंख्य लोक हिंदी शिकले, असे रामचंद्र शुक्लांसारख्या कठोर इतिहासकारानेही लिहून ठेवले आहे. पुढे ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग झाले, आणि तिच्यातल्या भूतनाथ नावाच्या, पापपुण्याच्या सीमेवर वावरणाऱ्या अय्याराचे आत्मचरित्र १९०७ पासून निघू लागले. सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये खत्री वारले. उरलेले १५ भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी लिहिले.

दुर्गाप्रसादांची स्वतःची रुची निराळी होती. क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळ्या आणि विनाशक शास्त्रीय शोध यांच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, ‘रक्तमंडल’ ही त्यांपैकीच. तरी ‘भूतनाथ’ लिहिताना त्यांनी आपला काळ बाजूला ठेवला, बापाच्या तळघरांत बापाच्याच किल्ल्या घेऊन उतरले, आणि ज्या भूतनाथाचा शेवट ‘संतति’त वाचकांना आधीच कळला होता, त्याला त्या शेवटापर्यंत सुखरूप आणून सोडले. आज ते २१ भाग बहुतेक देवकीनंदन खत्रींचे म्हणूनच मागितले जातात.

बाणाच्या मुलाचेही असेच झाले. चंद्रापीड आणि कादंबरीची गाठ ज्याने घालून दिली, त्याचे नाव कोठे भूषणभट्ट असे मिळते, कोठे पुलिंद, कोठे पुलिन.