फूड बँक म्हणजे काय? तिथलं अन्न गरजूंपर्यंत कसं पोहोचतं?

नावात ‘बँक’ असली, तरी फूड बँक हे मुळात गोदाम असतं. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘सेंट मेरीज फूड बँक’ ही जगातली पहिली मानली जाते.

कंपन्या, दुकानं आणि शेतकऱ्यांकडे उरलेलं, पण खाण्याजोगं अन्न इथे जमा होतं. प्रत्यक्ष वाटप बहुतेक ठिकाणी चर्च, शाळा, निवारा केंद्रं अशा स्थानिक संस्था करतात. कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. पण या संस्थेकडे फ्रीजच नसेल, तर तिला दूध देऊन उपयोग काय?

वरून माल पाठवतानाही असाच घोळ व्हायचा. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोला बटाटेच पाठवल्याचा किस्सा आजही सांगितला जातो! म्हणून आज ‘फीडिंग अमेरिका’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेटवर्कने २००५ मध्ये फूड बँकांना आभासी चलन दिलं. हवा त्या मालावर त्या बोली लावतात. ज्यांच्या भागात गरजू जास्त, त्यांना चलनही जास्त. पीनट बटर महाग जातं, नाशवंत भाजी स्वस्तात मिळते.

भारतात एफएसएसएआयने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये नियम केले.