ब्रूनोचा पाय आणि आजीची भाकर

मागच्या दिवाळीला ब्रूनोला पहिल्यांदा परतूरला घेऊन गेलो. ब्रूनो म्हणजे माझा लॅब्रॅडोर, तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचा. गाडीच्या डिकीत माझी एक बॅग आणि साहेबांचे तीन डबे. डब्यात काय, तर उकडलेलं बोनलेस चिकन, बर्फात ठेवलेलं. दिवाळीत घरात चिकन म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. डबे अंगणाच्या पुढे आलेच नाहीत :)

आजीने झाकण उघडून बघितलं.

"रोज हेच घालतोस व्हय रे त्याला?"

"हो आजी. कुत्रा मांसाहारी असतो. लांडग्याचा वंशज आहे तो."

"कशाचा लांडगा? भाकर खातंय ते, बघ तिकडं."

खरंच, आमचे लांडगेसाहेब चुलीशेजारी बसून ज्वारीच्या भाकरीचा चतकोर मिटक्या मारत खात होते. मी हसलो आणि विषय सोडून दिला. आजी, आणि ती मला कुत्र्याचं सायन्स सांगणार?

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात ब्रूनो मागचा उजवा पाय उचलून चालायला लागला. डॉक्टरांनी एक्सरे काढला. हाडं जेवढी पांढरी दिसायला हवीत तेवढी दिसत नव्हती. "खायला काय देता?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "नुसतं चिकन, प्युअर प्रोटीन." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच, प्रमाण साधारण पंधरास एक. वाढत्या पिल्लाला हे दोन्ही जवळपास सारखे, किंवा कॅल्शियम थोडं जास्त, असे लागतात. बाहेरून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. म्हणजे दोन-तीन महिने मी माझ्या पिल्लाला त्याचीच हाडं खायला घालत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. मग सवयीप्रमाणे रूट कॉज शोधायला बसलो. कुत्र्याने काय खायचं हे आजवर ठरवलं कुणी? शोधत गेलो तर प्रकरण भलतंच जुनं निघालं.

सुरुवात लांडग्यापासूनच करू. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांचे जीन्स ताडून बघितले. पिष्ठमय पदार्थ पचवायला अमायलेज नावाचं एन्झाइम लागतं. ते बनवणाऱ्या जीनच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. पुढे जुन्या हाडांमधला डीएनए तपासल्यावर कळलं की युरोपातल्या शेतकरी वस्त्यांमधल्या कुत्र्यांत हा बदल किमान सात हजार वर्षांपूर्वीच झाला होता. उलट हस्की किंवा डिंगो, म्हणजे जिथे शेती नव्हती तिथले कुत्रे, यांच्यात या प्रती फार कमी. थोडक्यात, माणूस धान्य खायला लागला आणि त्याच्या दारातला प्राणीही धान्य पचवायला शिकला. आजीचं निदान बरोबर होतं. फक्त तिला त्यासाठी लॅब लागली नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव, मुख्य पीक जव. तिथे गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर पाळीव कुत्र्याचीही हाडं मिळाली. म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारात कुत्रा तीन हजार वर्षांपासून आहे. त्याला कुणी वेगळं शिजवून घालत असेल असं काही मला वाटत नाही!

पण घालत नसले तरी विसरतही नव्हते. श्राद्धाच्या पानांत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा असतो. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणत तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो यायची, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकर कुत्रंसुद्धा हुंगून बाजूला व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खायचं. "आपल्यालाच पुरंना, पण त्याचा चतकोर बाजूला काढायचो," हे तिचं वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. त्यात काही हिशेब असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

याहून पुढची गोष्ट पारशी लोकांची. त्यांच्या 'वेंदिदाद' या जुन्या ग्रंथात कुत्र्याच्या खाण्याचे चक्क नियम आहेत. राखणीच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न देणं हा अपराध. त्याला फार टणक हाडं किंवा फार गरम अन्न देऊन इजा झाली तर तेही पाप. योग्य अन्न कोणतं? दूध, चरबी आणि मांस. स्वतः जेवायच्या आधी कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची पद्धतही त्यांच्यात होती. हे किती मनापासून होतं ते मुंबईने १८३२ साली बघितलं. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली होती, प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. ६ जूनला फोर्ट भागात पारशी पोलिसांवर धावून गेले आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद. मुंबईच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक कुत्र्यांवरून झालाय, हे शाळेत कुणी सांगितलं नाही बुवा.

मग इतकी वर्षं सगळं सुरळीत होतं तर पाकिटाची गरज कुठून आली?

१८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस विजेपासून इमारती वाचवणाऱ्या सळ्या विकायला इंग्लंडला गेला. सांगतात की गोदीवर खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्री कुरतडताना त्याने बघितली आणि धंदा सुचला. गहू, बीट, भाज्या आणि सुकवलेलं मांस मिसळून त्याने कुत्र्यांची बिस्किटं काढली. पुढे त्याच्याच कंपनीत काम केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये लंडनला प्रसिद्ध 'क्रफ्ट्स' डॉग शो सुरू केला. मार्केटिंग कशाला म्हणतात बघा! १९२२ मध्ये अमेरिकेत डबाबंद घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात डब्यांसाठी पत्रा मिळेना, तेव्हा कोरडं अन्न पुढे आलं. १९५७ मध्ये प्युरिनाने एक्स्ट्रूडरमधून फुगवलेले दाणे बाजारात आणले, ज्या तंत्राने आपले कुरकुरे बनतात तेच. तेव्हापासून 'घरचं उष्टं घालू नका' हे कंपन्या सांगत आल्या आहेत.

म्हणून पाकिटावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? २००७ मध्ये अमेरिकेत मेनू फूड्सला सहा कोटी डबे-पाऊच परत बोलवावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. नेहमीच्या टेस्टमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला असतो. टेस्ट केस पास, कुत्र्यांच्या किडन्या फेल. आपल्यापैकी ज्यांनी नुसते आकडे हिरवे करून रिलीज केलंय त्यांना हे चांगलंच समजेल. २०१८ मध्ये तिथल्याच एफडीएने आणखी एक तपास जाहीर केला : 'लांडग्याचं खाणं' म्हणून खपणाऱ्या बिनधान्याच्या, डाळी-वाटाणे भरलेल्या अन्नाचा हृदयविकाराशी संबंध आहे का? कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण 'लांडगा' हा शब्द विकायला किती सोपा आहे ते कळलं. मीही तोच फुकटात विकत घेतला होता.

आता उलटा प्रश्न. म्हणजे आजीची भाकरच बरोबर? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "भाकर चालेल. नुसती भाकर चालणार नाही." मग गावातली कुत्री कशी जगतात? आजीलाच फोन केला.

"अरे ते काय माझ्या एका चतकोरावर जगतंय व्हय? दिवसभर हिंडतंय. उंदीर धरतंय, मेलेल्या जनावरावर जातंय, गाय व्याली की वार खायला टपलेलं असतंय. भाकर म्हंजे ते आपल्या दारात यावं म्हणून."

मला हवं असलेलं उत्तर इथे मिळालं. हजारो वर्षं कुत्र्याचं अर्धं ताट आपण वाढत आलो आणि उरलेलं अर्धं त्याचं तो बघत आला. हाडं, आतडी, जे कमी पडेल ते हुडकायला त्याला मोकळं रान होतं. वाकडच्या सातव्या मजल्यावरच्या ब्रूनोला रान नाही, उंदीर नाही आणि दाराला लॅच आहे. त्याचं पूर्ण ताट आता माझ्याकडे आहे. माझी चूक चिकन देण्याची नव्हती. उरलेलं अर्धं ताट कुणीच वाढत नाहीये, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तर कुणी विचारलंच तर मी आता एवढंच सांगतो. पाकीट घेणार असाल तर ते 'संपूर्ण आणि संतुलित' आहे का आणि कुठल्या वयासाठी आहे, हे मागच्या बाजूला वाचा. पुढचा फोटो बघू नका. घरचं देणार असाल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या, विशेषतः कॅल्शियमचं. ते अंदाजपंचे वाढवणंही मोठ्या जातीच्या पिल्लांना बाधतं. आपल्या फोडणीच्या भाज्या नकोत, कारण कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला घातक आहे. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉलवाले बिनसाखरेचे पदार्थ अजिबात नाही. शिजवलेली हाडंही नकोत, ती तुकडे होऊन आतडी फाडतात.

ब्रूनो आता दीड वर्षाचा आहे. पळतो, पण बसताना उजवा पाय अजूनही बाहेर टाकतो. डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील. तो तसा बसला की मी दुसरीकडे बघतो.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा परतूरला गेलो. डिकीत पाकीट होतं, आणि मोजायचा कपही. आजीने पाकीट उलटंपालटं करून बघितलं, किंमत विचारली, आणि मी दोनशे रुपये कमी करून सांगितली :) मग विचारलं, "ह्याच्यावर चतकोर भाकर चालंल का नाही?"

"चालेल म्हणालेत डॉक्टर."

"म्या काय म्हणत होते मग?"

असो. चहा गार झाला. ब्रूनोला फिरवून आणतो.