डोळ्यांतील घरभेदी व्रण

१९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें. कापूस व ज्वारी मात्र दोहोंकडे तींच राहिलीं, आणि त्या पिकांपासून होणारी डोळ्याची इजाहि. पऱ्हाटीचें टोक किंवा ज्वारीचें पातें बुबुळाला लागतें, त्या वाटेनें बुरशी शिरते, आणि व्रण बरा झाला तरी मागें फूल उरतें. अशा मुलखांत डोळ्यांतला प्रत्येक व्रण बाहेरच्या शत्रूनेंच केला, असें वाटणें साहजिक आहे.

पण एका व्रणाला बाहेरचा शत्रु लागत नाहीं. १८६७ मध्यें जर्मन नेत्रवैद्य आल्बेर्ट मूरेन यानें त्याचें सविस्तर वर्णन केलें. बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्या कडेपाशीं येऊन थांबतात. शरीराचे रक्षक त्या सीमेवर जमतात आणि घरभेद्यांप्रमाणें आपलाच पडदा कडेकडून मध्याकडे कुरतडीत नेतात. वेदना असह्य असतात. जुनाट संधिवातांतहि याच जातीचा व्रण होतो. स्टेरॉइडनें पुष्कळांचा आवरतो, कांहींचा मुळींच नाहीं.

त्या थोड्यांसाठीं उपाय निघाला तो डोळ्याचा विचारहि नसतांना. १९७५ मध्यें केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाइन यांनीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं निर्माण करण्याची युक्ति शोधली. तिचें पेटंटहि घेतलें गेलें नाहीं! तींतूनच प्रतिपिंडें निर्मिणाऱ्या पेशींचा वंश तोडणारें रिटुक्सिमॅब आणि दाह पेटविणाऱ्या द्रव्यास रोधणारें अडॅलिमुमॅब हीं औषधें पुढें आलीं. एक रक्तपेशींच्या कर्करोगासाठीं, दुसरें संधिवातासाठीं. नेत्रवैद्यांनीं तीं हताश प्रसंगीं उसनीं घेतलीं. पुरावा अजून बव्हंशीं तुरळक रोग्यांच्या हकीकतींचाच आहे. पहिल्याची देशी आवृत्ति २००७ सालीं निघाली, दुसऱ्याची २०१४ सालीं. तरीहि शेतकऱ्याच्या घरीं हा खर्च जड जातो.

खर्चाहून मोठा धोका निराळाच. दाह रोधणाऱ्या या वर्गांतील औषधांनीं निद्रिस्त क्षय जागा होतो, हें २००१ मध्यें उघड झालें. आणि बुरशीच्या व्रणावर अशीं औषधें देणें म्हणजे चोर घरांत असतांना पहारा उठविणें! जळगांवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८ सालीं आलें, धुळ्याचें त्याहून जुनें. पण पहिला निवाडा करावयास लागतें तें साधें सूक्ष्मदर्शक यंत्र. व्रणाच्या कडेची किंचित् खरवड पोटॅशच्या थेंबांत ठेवली, कीं बुरशीचे तंतु बहुधा दिसतात. तंतु नाहींत, जंतु नाहींत, अशी खात्री पटली म्हणजे मग डॉक्टर डोळा सोडून रोग्याच्या बोटांचे सांधे चाचपूं लागतो.