नखावरची लाख

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. तिला नखं करून घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघी घराजवळच्या पार्लरमध्ये गेलो. तिथल्या मुलीने शेडची चक्री पुढ्यात ठेवली. प्लॅस्टिकची दीड-दोनशे खोटी नखं आणि प्रत्येकावर वेगळा रंग: वाइन, कोरल, डाळिंबी, मोरपिशी, गव्हाळ कातडीशी मिळतेजुळते असे न्यूडचेच आठ प्रकार. भाची एकेक नख स्वतःच्या बोटावर धरून बघत होती. माझी नजर मात्र भिंतीवरच्या दरपत्रकावर खिळली. खाली साधं नेलपेंट, त्यावर जेल, आणि सगळ्यात वर, सगळ्यात महाग, ‘शेलॅक’.

शेलॅक म्हणजे चपडा, म्हणजे लाखच. आमच्या घराचे दरवाजे पॉलिश करायला येणारे सुतारकाका चपड्याचे पिवळट पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, तो वास मला अजून आठवतो. मी त्या मुलीला विचारलं, “यात लाख असते का गं?”

“नाही काकू,” ती म्हणाली, “ते नुसतं नाव आहे.”

तिचं बरोबर होतं. शेलॅक या नावाचं जेल पॉलिश अमेरिकेतल्या सीएनडी कंपनीने 2010 साली बाजारात आणलं. त्यात लाखेचा कणही नाही. चकाकी लाखेसारखी, म्हणून नाव लाखेचं. पण घरी आल्यावर मी कोश काढून बसले आणि लक्षात आलं की असं पहिल्यांदा घडलेलं नाही. जिथे लाख नाही अशा वस्तूंना लाखेचं नाव देण्याचा उद्योग युरोप चारशे वर्षं करतो आहे. नेलपॉलिशच्या बाटलीवर कधी ‘नेल लॅकर’ असं छापलेलं असतं, तो लॅकर शब्दही आपल्या लाखेचाच, आणि तो युरोपात गेला त्या वाटेवर आपलं गोवं लागतं.

नखं रंगवण्याचा सर्वसाधारण इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो, तो एका दमात सांगून टाकते. चीनमध्ये अंड्याचा पांढरा बलक आणि मेण, इजिप्तमध्ये मेंदी, आपल्याकडे मेंदी आणि तेरड्याची फुलं, 1917 च्या सुमाराला अमेरिकेत क्युटेक्सचं पातळ पॉलिश, 1932 मध्ये रेव्हलॉन, 1952 मध्ये टाटांची लॅक्मे. या लॅक्मेचा लाखेशी संबंध नाही. ते देलिबच्या ऑपेराचं नाव, आणि ऑपेरातली लॅक्मे म्हणजे फ्रेंचांच्या तोंडची लक्ष्मी. मला त्यापेक्षा लाख या शब्दाचंच मूळ शोधायचं होतं.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: झाडाच्या फांदीवर लाखो किडे बसतात, म्हणून ती लाख. ऐकायला इतकं चपखल वाटतं की पुढे कुणी विचारच करत नाही. पण काळाचा हिशोब मांडला की ही व्युत्पत्ती टिकत नाही. लाक्षा हा शब्द अथर्ववेदात आहे. पाचव्या कांडातलं पाचवं सूक्त तिलाच उद्देशून आहे. जखम भरून आणणारी म्हणून तिला हाक घातली आहे, आणि ती पिंपळ, खैर, धावडा अशा झाडांतून बाहेर येते असंही म्हटलं आहे. ही सूक्तं रचणाऱ्या लोकांकडे एकावर पाच शून्यांसाठी वेगळा शब्द होता, ‘नियुत’. तैत्तिरीय संहितेत शत, सहस्र, अयुत, नियुत अशी चढती मालिका आहे, तिच्यात लक्ष नाही. ऋग्वेदात लक्ष येतो तो जुगाऱ्याच्या पणाच्या अर्थाने. त्या शब्दाला संख्येचा अर्थ चिकटला तो नंतर. मग अजून संख्याच न झालेल्या शब्दावरून किड्यांचं नाव पडेल कसं? लाख ही वस्तू लाख या आकड्याहून जुनी आहे.

दुसरं मत ऐकून मी खुर्चीतून उठलेच. पाउल थीमं हे जर्मन संस्कृतज्ञ. 1951 साली त्यांनी भारतातल्या सामन माशावर निबंध लिहिला. भारतातल्या नद्यांत सामन नाही हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं, की जर्मनमध्ये सामनला लाख्स म्हणतात, तोखारी भाषेत लक्स म्हणजे मासा, तेव्हा हा शब्द मूळ इंडो-युरोपीय भाषेत असणारच. त्या भाषेची एक शाखा भारतात आली तेव्हा मासा मागे राहिला, पण शब्द बरोबर आला. सामनचे थवे असंख्य असतात, म्हणून लक्ष ही संख्या झाली. सामनचं मांस तांबूस असतं, म्हणून लाक्षा हा लाल रंग झाला. एकाच माशाने आपल्याला आकडाही दिला आणि अळताही!

या कल्पनेवर माझा जीव जडला हे मी मोकळेपणाने सांगते. पार्लरच्या चक्रीवरचा ‘सामन पिंक’ मला पुढे कित्येक दिवस वेगळाच दिसत होता. पण पटलं मात्र नाही. शेकडो पिढ्या जो मासा कुणी पाहिला नाही, त्याच्या मांसाचा रंग लोक लक्षात ठेवतील आणि तोच एका झाडावरच्या चिकट खपलीला देतील, हे मानायला फार मोठी उडी घ्यावी लागते. दाराशी पळस फुललेला असताना लाल रंगासाठी माशाकडे कोण जाईल?

मी उभी राहते ती तिसऱ्या मताच्या बाजूने. अमरकोशात लाखेचे पर्याय दिले आहेत, त्यांत लाक्षाबरोबरच ‘राक्षा’ आहे. जतु आहे, याव आहे, अलक्त आहे, आणि ‘द्रुमामय’ म्हणजे झाडाचा रोग असाही एक फार नेमका शब्द आहे. (यातला जतु आपल्या रोजच्या बोलण्यात शिलाजितात उरला आहे.) आता राक्षा-लाक्षा ही जोडी पाहा. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात घरचीच आहे: रोम आणि लोम, रोहित आणि लोहित. अलक्त, ज्याचा आपला अळता झाला, त्यातही रक्तच दडलेलं दिसतं. रक्त, राग, रंग ही सगळी रञ्ज् म्हणजे रंगवणे या धातूची पोरं, आणि लाक्षा त्यांची बहीण, असं हे मत.

याच्यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. अथर्ववेदात लाक्षा आहे, राक्षा नाही. राक्षा दिसते ती कित्येक शतकांनंतरच्या कोशात. म्हणजे लोकांनी रक्ताशी मेळ घालण्यासाठी मागाहून ल चा र केला असेल, हेही शक्य आहे. शिवाय रञ्ज् पासून ‘क्ष’पर्यंत पोचायला व्याकरणाची एक पायरी कमी पडते. तरी मी मागे हटत नाही, कारण माझ्याकडे बंदराचा साक्षीदार आहे. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची नोंदवही लिहून गेला, ती पेरिप्लस म्हणून प्रसिद्ध आहे. भरूचच्या आजूबाजूच्या किनाऱ्याला तो आरिआके म्हणतो. तिथून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत लोखंड आहे, पोलाद आहे, सुती कापड आहे, आणि शेवटी ‘लाक्कोस ख्रोमातिनोस’, म्हणजे रंगीत लाख. परदेशी माणसाने लाखेची नोंद केली ती रंगाचा माल म्हणून. किड्यांची संख्या, राळेचा चिकटपणा यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

यानंतरची वाट अरबी लक्क, लॅटिन लाक्का अशी सरळ आहे. ती वळण घेते पोर्तुगीजांपाशी. त्यांनी लाकचा ‘लाक्र’ केला आणि तो शब्द पत्रांवर ठसा उमटवायच्या लाखेला वापरला. आपल्याकडेही तेच झालेलं आहे, लाखेने बंद केलेल्या पत्राला आपण लाखोटा म्हणतो. 1563 साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं, त्यात या लाक्रची चर्चा आहे. मुंग्या झाडावर ती बनवतात अशी माहिती त्याने मिळवली होती. चार वर्षांनी त्या पुस्तकाचा लॅटिन सारांश अँटवर्पमध्ये निघाला आणि युरोपभर गेला. पोर्तुगीज लाक्र फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला आणि लॅकर झाला.

पण लाकच्या शेपटीला हा र लागला कुठून? कोशकार इथे घाईने पुढे जातात. माझा तर्क असा: मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या चकाकीला युरोपात नाकार, नाक्र अशी नावं होती. पूर्वेकडून येणाऱ्या चकाकत्या मालाच्या पेटाऱ्यात नाक्र आणि लाक शेजारी-शेजारी बसले, आणि एकाचा र दुसऱ्याला लागला. याला कागदोपत्री आधार नाही. पण वापरात जोडीने येणारे शब्द एकमेकांसारखे होतात हे आपण रोज ऐकतो.

खरी गफलत पुढची आहे. चीन-जपानमधल्या त्या काळ्याभोर, आरशासारख्या डब्या आणि तबकं युरोपात पोचली तेव्हा त्यांनाही लॅकर म्हणू लागले. त्या चकाकीचा आपल्या किड्याशी काही संबंध नाही, ती एका झाडाचा चीक सुकवून आणतात. लाखेच्या नावाची ही पहिली उसनवारी. दुसरी मोटारींची. 1920 नंतर ड्युपाँटने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग काढला आणि तोही लॅकर झाला. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बंदुकीच्या दारूतला कापूस, ज्याच्यापासून फाळक्यांच्या काळातली सिनेमाची फिल्मही व्हायची. तोच पदार्थ पातळ करून, ब्रशने नखावर लावला की नेल लॅकर, ही तिसरी. आणि 2010 चं शेलॅक ही चौथी. चारही ठिकाणी नाव लाखेचं, माल दुसराच.

मग खऱ्या लाखेचं काय झालं? हिच्या नशिबी फाटाफूट होती. झाडावरून खरवडलेल्या कच्च्या लाखेत लाल रंग आणि राळ एकत्र असतात. कारखान्यात ती दगडी कुंडांत घालून पायांनी चोळून धुवायचे. उतरलेल्या लाल पाण्याचा रंग करायचे, आणि एके काळी विलायतेत त्यालाच मोठी मागणी होती. एकोणिसाव्या शतकात डांबरापासून केलेले स्वस्त रंग आले आणि ते लाल पाणी गटारात जाऊ लागलं. राहिली राळ. ती कापडाच्या लांब नळीत भरून शेगडीसमोर पिळायची, गरम असतानाच तिची चादर हातापायांनी आणि दातांनी ताणायची, आणि थंड झाली की पापुद्रे मोडायचे. हाच चपडा. फ्रेंचांनी त्याला खवल्यांची लाख म्हटलं, इंग्रजांनी त्याचं शेलॅक केलं. त्यातून ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या, सागवानी कपाटं चकाकली. सावंतवाडीच्या आणि चन्नपट्टणच्या कारागिरांनी मात्र रंग आणि चकाकी यांची ताटातूट होऊ दिली नाही. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला ते रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. चन्नपट्टणला वर केवड्याचं पान दाबून ती घोटतात.

म्हणूनच मला नखाचं महत्त्व वाटतं. कारखान्याने लाखेतला रंग आणि चकाकी वेगळी केली. नेलपॉलिशच्या बाटलीत ती दोन्ही पुन्हा एकत्र आली, फक्त तोवर लाखच उरली नव्हती.

ती उरली असती तर नख कसं दिसलं असतं? भाची जायच्या आदल्या दिवशी आम्ही बघायचं ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानातून चपडा आणला, दोन चमचे पापुद्रे थोड्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातले. सकाळी मधासारखं पाणी झालं होतं. ते गाळलं आणि जुन्या बाटलीचा ब्रश धुऊन भाचीच्या अनामिकेवर पहिला हात दिला. तीनेक मिनिटांत वाळला. दुसरा, तिसरा. उन्हात धरल्यावर नख असं चकाकलं की पार्लरच्या टॉप कोटने तोंड लपवावं. मग करंगळीसाठी त्यात लाल रंग घातला आणि डाळिंबाच्या दाण्यासारखी शेड मिळाली.

टिकायच्या नावाने मात्र आनंद. भांडी घासल्यावर करंगळी पांढुरकी झाली. बसमध्ये हातावर सॅनिटायझर घेतलं तेव्हा दोन्ही नखं चिकचिकीत झाली, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि सॅनिटायझरही त्यातलंच. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हा दीड दिवसही राहिला नाही. “मावशी, पार्लरचं दोन आठवडे टिकतं,” भाचीने फोनवर सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, “पण अनामिकेवरचा पहिला रंग मला परत हवाय. बिनरंगाचा.”

तो बिनरंगाचा नव्हता. माझ्या तर्काला अडचणीची म्हणून अथर्ववेदाच्या त्या सूक्तातली एक गोष्ट मी आतापर्यंत बाजूला ठेवली होती. तिथे लाक्षेच्या रंगाबद्दल दोन विशेषणं आहेत, हिरण्यवर्णा आणि सूर्यवर्णा. सोन्याच्या रंगाची, सूर्याच्या रंगाची. तांबड्याचा तिथे उच्चार नाही. रक्त आणि राग यांच्या बहिणीला तांबडी म्हणायला कवी विसरला असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण त्या सकाळी खिडकीत, तीन हात दिलेल्या अनामिकेच्या नखावर ऊन पडलं, तेव्हा नखाखालचा गुलाबी भाग जाऊन तिथे स्वच्छ सोनेरी पिवळा दिसत होता.

भाचीसाठी चपडा पुन्हा भिजत घातला आहे. या खेपेला लाल घालणार नाही.